कांबळेमिस्त्रींचं अस्तर

कांबळेमिस्त्री कुणाच्याही घरचं पाणी पीत नसत. आणि सरळ 'नको' म्हणून मोकळेही होत नसत, त्याचा मोठा समारंभ करत. पाणी पुढे आलं की भांड्याला हात न लावता ते खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढत, तळहातावर पसरत आणि म्हणत, "ह्याच्यावर चार थेंब टाका." मग तो रुमाल उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून बघत. शेवटी पडलेल्या आवाजात निकाल देत, "तुक्कु ऐत्री. ब्याड." म्हणजे, गंज आहे, नको. हुबळीत आम्ही सगळेच एका वाक्यात मराठी आणि कानडी कालवतो, पण मिस्त्री निकाल नेहमी कानडीतच द्यायचे. त्यानंतर पिशवीतून स्वतःचा फिरकीचा तांब्या काढून वरून घटाघटा पाणी पीत.

घरोघरच्या बायका चिडायच्या. "एवढा मोठा लागून गेलाय, आमच्या पाण्याला नावं ठेवतो!" एकदा धारवाडच्या वाटेवर कामाला गेलो असताना एका शेतकऱ्यानं विहिरीतून ताजी बादली ओढून दिली. तिथंही मिस्त्रींनी रुमाल काढला. मी म्हटलं, "अहो मिस्त्री, विहिरीला कुठला पाइप?" ते म्हणाले, "बादलीची कडी लोखंडाची हाय की, साहेब." त्यावर आम्ही पोट धरून हसलो. ऑफिसात मातीचा माठ होता, तर तिकडेही ते फिरकत नसत. याला मातीतसुद्धा गंज दिसतो, असा विनोद आमच्याकडे कायमचा झाला होता. तो मीच केला होता आणि नव्या माणसाला हौसेनं सांगतही असे.

मी पाणीखात्याच्या भांडारात कारकून होतो आणि मिस्त्री आमच्या आवारात पाइपांना आतून अस्तर लावायचे. लोखंडी पाइपाला बाहेरून डांबर फासलेलं असतंच; आतून सिमेंट-वाळूचा थर दिला की पाणी लोखंडाला टेकत नाही आणि लोखंड पाण्यात उतरत नाही. काम एवढंच, पण मिस्त्री ते पूजा बांधल्यासारखं करत. पाइप रुळांवर आडवा ठेवायचा, आत कालवलेलं सिमेंट ओतायचं आणि दोघांनी हँडल मारून तो गरागरा फिरवायचा, म्हणजे सिमेंट चारी बाजूंना सारखं चिकटून बसतं. मग दोन्ही तोंडांना ओली गोणपाटं बांधून आठ-दहा दिवस भिजत ठेवायचा. रविवारी सुट्टी असली तरी गोणपाटांवर पाणी मारायला मिस्त्री जुन्या हुबळीहून चालत यायचे.

गटाराच्या पाइपांनाही तीच माया. ओव्हरसियर म्हणाले, "कांबळे, घाणच जायची आहे ना यातून?" मिस्त्री म्हणाले, "घाणच जास्ती खाती, साहेब. लोखंडाला खाती आणि माणसालाबी."

त्यांच्या खिशात न्हाव्याकडचा असतो तसा गोल आरसा असे. त्यानं ते उन्हाचा कवडसा पाइपात सोडत आणि दुसऱ्या तोंडाशी उकिडवे बसून आत बघत. एवढासा पोपडा दिसला तरी सगळं खरवडून पुन्हा लावायला घ्यायचे. त्यांच्या अस्तराला कुणी नाव ठेवलं तर मात्र संपलंच. एका ठेकेदारानं "इथं जरा पातळ वाटतंय" म्हटलं, तर त्याला भर दुपारी आवारात बसवून एकेक पाइप कवडशानं दाखवला. संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

"ओळग नोड्री," हे त्यांचं पालुपद. आत बघा. कोप्पीकर रोडवरच्या शिंप्याकडे त्यांनी लेकीच्या लग्नासाठी कोट शिवला, तेव्हा पहिल्यांदा तो उलटा करून अंगात घातला आणि तसेच आरशासमोर उभे राहिले. "बाहेरचं लोक बघतील, आतलं मला लागतंय," म्हणाले. शिंपी बिचारा देवाचं नाव घेत राहिला. माझ्या बहिणीला सांगून आलेल्या स्थळाचा फोटो मी कौतुकानं दाखवला, तर म्हणाले, "वरचं डांबर झ्याक हाय. आत बघितलं का?" आम्ही बघितलं नाही. ते स्थळ कसं निघालं, याची चर्चा आमच्या घरात करत नाहीत.

त्यांची गल्ली जुन्या हुबळीच्या एका कडेला होती. सगळी बौद्ध वस्ती. छप्पन सालानंतर त्यांनी आपले जुने देव सोडले होते. आमच्यासारख्यांनी मात्र आपलं काहीच सोडलं नव्हतं. त्या गल्लीतल्या बायका शेजारच्या आळीतल्या विहिरीवर घागरी घेऊन बसायच्या, आणि वरच्या कुणाला दया आली तर लांबून ओतलेलं पाणी घेऊन घरी जायच्या. मिस्त्रींची आईही तशीच बसलेली. अशा गल्लीला एकदाचा नळ मंजूर झाला.

त्या पाइपांचं अस्तर मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही. प्रत्येक पाइपावर चुन्यानं लहानसं फूल काढलं होतं. एरवी रविवारी एकदा येणारा माणूस त्या पंधरवड्यात पाणी मारायला सकाळ-संध्याकाळ येत होता. मी चेष्टेनं विचारलं, "काय मिस्त्री, लेकीला सासरी पाठवताय?" तर ते चक्क लाजले.

त्याच सुमारास वकील-प्राध्यापकांची नवी वसाहत उभी राहत होती. माझंही घर तिथंच होतं. वसाहतीला पाणी लवकर हवं होतं आणि अस्तराचे तयार पाइप तेवढेच होते. वरून तोंडी हुकूम आला, की फुलांचे पाइप वसाहतीला द्या आणि गल्लीला कोरे पाठवा. लेखी कुणीच काही दिलं नाही. चिठ्ठी भांडारातून निघणार होती आणि तिच्यावर सही माझी लागणार होती.

मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेब, पाइप जाऊ द्या. चिठ्ठीवर एवढंच लिवा, की ह्यांना आत अस्तर नाही. मग उद्या गल्ली काही मागू तरी शकती."

मी म्हटलं, "बघतो."

मी बघितलं नाही. चिठ्ठीवर नुसतं 'पाइप' लिहिलं आणि सही ठोकली. मला कुणी धमकावलं नव्हतं. घरी आईला नळाचं पाणी हवं होतं, मला ऑफिसात वरची जागा हवी होती, आणि गल्लीतल्या लोकांना विहिरीपेक्षा नळ बराच की, असं मी स्वतःला समजावलं. असली समजूत पटायला वेळ लागत नाही.

मिस्त्री त्यानंतरही माझ्याशी तसेच बोलत राहिले. दोन-तीन वर्षांत त्यांच्या गल्लीत तांबडं पाणी यायला लागलं. धुतलेले कपडे पिवळे पडू लागले. तक्रार आली, तेव्हा कागद काढून बघितले गेले. कागदात दोष नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. आत यायला ते तयार नव्हते. म्हणाले, "नळ जरा सोडता का? माझी पोरं खाली निजल्यात." अंगणातला नळ मी पूर्ण सोडला. खळखळ आवाज ऐकत ते उभे राहिले.

तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. आमच्या घरात पाण्याला पितळी पेले होते. आईच्या हातात काचेचा ग्लास होता. न्हाणीच्या खिडकीत तो एकटाच, उपडा घातलेला असे. कुणासाठी असे, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

मिस्त्रींनी ग्लासाकडे बघितलं. रुमाल काढून तळहातावर पसरला. आईनं वरूनच चार थेंब टाकले. त्यांनी रुमाल उन्हाकडे धरला, तेव्हा मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. रुमालावर काही नव्हतं. पाण्याच्या ओलीपलीकडे कसलाही डाग नव्हता.

"तुक्कु ऐत्री, अव्वा," ते हळूच म्हणाले. "ब्याड."

आईची सुटका झाली. ती ग्लास घेऊन आत गेली.

एक पोपडा दिसला म्हणून अख्खा पाइप खरवडणारा माणूस, माझ्या दारात उभा राहून स्वतःच्या हाताच्या कामाला गंजलेलं म्हणाला. माझ्या आईला अवघडायला नको म्हणून. विहीर, बादली, माठ, सगळं मला त्या क्षणी कळलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण ते खोटं आहे. मला ते आधीपासून कळत होतं. हसत राहिलं की कळल्यासारखं वागावं लागत नाही, म्हणून मी इतकी वर्षं हसत होतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मिस्त्रींनी फाटकाशी जाऊन तांब्याची फिरकी काढली आणि वरून धार धरली. उन्हात ती तांबूस दिसली. ते सगळं पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि निघाले. आतून एक पितळी पेला आणावा, मीच नळाखाली धरून भरावा, असं मनात येत होतं. मी जागचा हललो नाही.

कोपऱ्यावरून ते एकदा वळले.

"साहेब, नळ चालूच राहिलाय," ते म्हणाले. "बंद करा. चांगलं पाणी वाया जातंय."

मी जाऊन नळ बंद केला.