व्हर्लिनची गुप्त जागा

मिनेसोटातल्या त्या छोट्या गावात व्हर्लिन हाऊगेन हा कॉम्प्युटरचा एकमेव जाणकार. चर्चचा प्रिंटर त्याने एकदा बंद करून परत चालू केला होता, तेवढ्या पुण्याईवर त्याचं नाव झालं होतं.

या मोठेपणाची शिक्षाही होती. चर्चच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कोणाच्याच डोक्यात राहत नसे. व्हर्लिन गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला, की फोन वाजलाच! बरं, मासे हमखास लागणारी ती त्याची गुप्त जागा. सख्ख्या बायकोलाही सांगितलेली नाही. मेहुणा गॉर्डी तर ती हुंगत कित्येक हिवाळे तळं पालथं घालत होता.

शेवटी एका शनिवारी व्हर्लिनने रोगाचं मूळच उपटलं. बटण दाबलं की कॉम्प्युटर काही न विचारता आपोआप उघडेल, अशी सोय केली. तीही स्वतःच्या खात्यावर, कारण चर्चच्या खात्याचा पासवर्ड त्यालाही आठवेना.

"आता एक फोन येणार नाही, बघच तू," त्याने बायकोला ऐकवलं.

रविवारी चर्चच्या तळघरात सहभोजन होतं आणि भिंतीवरच्या पडद्यावर व्हर्लिनने आधीच लावून ठेवलेले सहलीचे फोटो चालले होते. कोणीतरी कॉफीची दोन्ही पिंपं एकाच प्लगला लावली आणि वीज गेली. ती परत आल्यावर पास्टर सोल्वेगबाईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. त्याने कोणालाही काही विचारलं नाही. पडद्यावर भिंतभर व्हर्लिन अवतरला! हातात हातभर मासा, मागे वाकडा पाइन आणि तळ्याकाठची होड्या ठेवायची लाल शेड. आपल्या खात्यात कोण डोकावतंय, म्हणून त्यानेच हौसेने लावलेला फोटो.

सगळ्यांनी आधी मासा पाहिला, मग झाड. व्हर्लिनने धावत जाऊन कॉम्प्युटर बंद केला. बाईंनी तो परत लावला. पुन्हा मासा, पुन्हा पाइन.

गावची माणसं भारी सभ्य. जागेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गॉर्डीने फक्त काटा खाली ठेवला.

"फोटो छान आलाय हं, दाजी," तो म्हणाला. "झाड तर अगदी स्पष्ट."

सोमवारी उजाडता उजाडता व्हर्लिन तळ्यावर पोचला, तर त्याच्या भोकाभोवती बर्फावर मासे धरायच्या झोपड्यांची वस्ती उठलेली. एक पास्टरबाईंची. गॉर्डीने सरकून त्याला कडेला बसायला जागा दिली, वर कॉफीही पाजली.

फोन मात्र दिवसभरात एकदाही वाजला नाही. करणारे सगळे तिथेच तर बसले होते.