एरॉलची नवी शैली

एरॉल लोपीसला बसता येत नव्हतं आणि वाकताही येत नव्हतं. स्केटबोर्डवर देशोदेशीच्या स्पर्धा गाजवलेल्या या माणसाला कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं होतं, ‘काका, उड्या पुरे आता.’ चाळिशी उलटलेल्या एरॉलने त्याच संध्याकाळी बाकावरून उडी मारली. बोर्ड नीट उतरला. डॉक्टरांनी एरॉलच्या कमरेला पट्टा बांधला.

रविवारी सकाळी बायको, ॲनिशा, म्हणाली, “मम्मी जेवायला येतेय आणि केकला अंडी नाहीत. जाऊन ये.”

“मला चालवत नाही गं.”

“मग बोर्डवर जा. त्याच्यावर नुसतं उभंच राहायचं असतं ना?”

एवढ्या कारकिर्दीचं इतकं थोडक्यात वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. पण ते खरं निघालं. ताठ उभं राहिलं की कंबर गप्प बसे. भुईगावच्या उतरत्या गल्लीतून एरॉल अलगद दुकानापर्यंत पोचला. परतीला मात्र चढ होता. दुकानापाशी शत्रुघ्नचा फुलांचा टेम्पो उभा होता.

“मागून धर,” शत्रुघ्न म्हणाला. “घरापाशी सोडतो.”

एका हातात टेम्पोची दांडी, दुसऱ्यात अंड्यांचा ट्रे. घर आलं. एरॉलने हाका मारल्या, पण शत्रुघ्नने आत गाणी लावली होती. हात सोडावा तर गुडघे वाकवल्याशिवाय बोर्ड आवरणार कसा? फाटकातल्या ॲनिशाने आधी नवरा आणि मग अंडी समोरून जाताना पाहिली.

“अरे, अंडी तरी दे,” ती म्हणाली. तोवर टेम्पो वळला होता.

माणिकपूरला रिक्षा स्टँडजवळ टेम्पो मंदावला तेव्हा एरॉलने दांडी सोडली. खांबासारखा ताठ, तो रिक्षांच्या रांगेमधून आणि चर्चमधली मिस्सा आटोपून निघालेल्या माणसांमधून घरंगळत गेला. बोर्ड आपसूक थांबला तो सिप्रियनसमोर. सिप्रियन त्याचा जुना चाहता. तो केव्हापासून शूटिंग करत होता.

“ट्रे धर,” एरॉल दात आवळून म्हणाला.

“काय कंट्रोल आहे, बॉस,” सिप्रियन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ जगभर फिरला. ‘तरुणपणी नुसता उसळायचा, आता मुरलाय.’ ‘चेहऱ्यावरची शांती बघा.’ ती शांती म्हणजे कमरेतली कळ होती, पण एरॉलने खुलासा केला नाही. कित्येक वर्षं फोन न केलेल्या बुटांच्या कंपनीने फोन केला. हेच प्रात्यक्षिक वसईच्या मैदानावर हवं होतं.

तो दिवस उजाडेपर्यंत कंबर बरी झाली होती. गर्दी जमली. मैदानातल्या उतारावर एरॉल ताठ उभा राहायला गेला, पण गुडघे जुन्या सवयीने वाकले, वळणावर अंग आपोआप झुललं आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने समोरचा कठडा एका झेपेत ओलांडला. अगदी स्वच्छ उतरला. टाळ्या वाजल्या, पण दुसऱ्याच्या घरचा पोरगा काठावर पास झाल्यावर वाजतात तशा.

“कसं वाटलं?” त्याने सिप्रियनला विचारलं.

“चांगलं होतं रे. पण ती खोली नाय राहिली. वय झालं की माणसानं थोडं अवघडायला शिकलं पाहिजे.”

“आणि बाकीचे काय म्हणतात?”

“दोन गट पडलेत. अर्धे म्हणतात तू संपलास. अर्धे म्हणतात हा एरॉल नव्हताच.”

एरॉलला दुसरं मत बरं वाटलं. लोकांनी फोन खिशात घातले आणि सगळे वडापावच्या गाडीकडे वळले. तेवढ्यात तो बोर्ड उचलून पुन्हा उताराच्या माथ्यावर गेला.