चमच्याच्या दांड्याला पडलेली खाच

गब्बूला खालचे दोनच दात आले होते, आणि चमच्याच्या दांड्याच्या कडेला चक्क एक खाच पडलेली होती.

सासूबाई चार वाजता येणार म्हणून गब्बूच्या आईनं सकाळीच चमचा घासून लख्ख केला, तेव्हा ती दिसली. तिनं चमचा खिडकीशी नेऊन पाहिला, मग गब्बूचे दात पाहिले, मग पुन्हा चमचा. खाच बरोबर दाताएवढी होती. म्हणजे धातू मऊ. इतका मऊ धातू कोणता, हे रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. शिसं.

बरं, चमचा फेकून द्यावा, तर तो साधासुधा नव्हता. गब्बू वरचं खायला लागला तेव्हा सासूबाईंनी तो रुमालात गुंडाळून आणला होता. गब्बूचे बाबा याच चमच्यानं जेवले होते आणि त्यांचेही बाबा. आणि गेले दोन महिने गब्बू दुसऱ्या कुठल्याही चमच्यापुढे तोंड उघडत नव्हता.

"आईलाच फोन करून विचार ना," नवरा म्हणाला. "तिचा जन्म गेला धातू तपासण्यात."

तीच तर अडचण होती. सासूबाईंनी तीस वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. त्यांची सही झाल्याशिवाय पोलादाची एक कांबही कारखान्यात शिरत नसे. अशा बाईला, तुम्ही नातवाला विषारी चमचा दिलात का, हे कोणत्या तोंडानं विचारायचं?

"आणि मीही हाच चमचा चावत मोठा झालो की. मला काय झालं?"

तिनं फक्त फ्रिजकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात त्याला स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी सापडली होती.

तिनं स्वतःच तपासायचं ठरवलं. आधी फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक ओढून काढला. त्यानं धरून ठेवलेला लसीकरणाचा तक्ता सुळकन फ्रिजखाली गेला. चुंबक चमच्याला चिकटला नाही, म्हणजे लोखंड बाद. नवऱ्याला झाडू देऊन तक्त्यामागे लावलं आणि ती घनतेकडे वळली.

काट्यावर चमचा त्रेचाळीस ग्रॅम भरला. आता तो किती पाणी बाजूला सारतो ते मोजायचं. पण घरात खुणा असलेलं एकच भांडं होतं, गब्बूची दुधाची बाटली, आणि तिच्यावर रेघा दहा-दहा मिलिलिटरच्या. चमचा सोडल्यावर पाणी अर्धी रेघ चढलं, किंवा त्याहून जरा कमी. पाच मिलिलिटर धरले तर घनता साडेआठ, म्हणजे जीव भांड्यात. चार धरले तर पावणेअकरा, म्हणजे शिशाच्या दारात. तिनं नवऱ्याला बोलावलं. त्यानं एक डोळा मिटून नीट पाहिलं आणि साडेचार म्हणाला. तिनं त्याला परत फ्रिजखाली पाठवलं.

मग चमचा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. दुपारपर्यंत व्हिनेगरला हिरवट झाक आली. हिरवं म्हणजे तांबं, हे तिला आठवलं. पण तांब्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, हेही आठवलं. जास्त शिकलं की हा ताप असतो.

इकडे गब्बूची जेवायची वेळ टळून गेली होती. कुस्करलेलं केळं स्टीलच्या चमच्यानं देऊन झालं, प्लॅस्टिकच्या दिलं, लाकडी दिलं. गब्बूनं ओठ मिटून घेतले. कसं खायचं ते दाखवता दाखवता बाबांनी निम्मं केळं संपवलं. गब्बू त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिला आणि मग भोकाड पसरून रडायला लागला.

पावणेचार वाजले. शेवटचा उपाय म्हणून तिनं नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातून कानस काढली. वरचा थर घासला की आतला रंग दिसणार होता. तिनं जुन्या खाचेशेजारीच कानस लावली. घासून घासून हात भरून आला, तेव्हा कुठे चिमूटभर चुरा पडला. एवढ्या कष्टानं जे निघतंय ते दोन दातांनी कसं निघालं, हा प्रश्न तिला पडणार, एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

सासूबाई आत आल्या. भिंतीपासून तिरका ओढलेला फ्रिज, त्यामागून बाहेर आलेले मुलाचे पाय, हिरवं व्हिनेगर, काट्यावर दुधाची बाटली आणि सुनेच्या हातात कानस, असं सगळं त्यांनी पाहिलं. चमचा उचलला, टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला आणि कानाशी धरला. चमचा किणकिणला.

"काय वाटलं तुला?"

"शिसं," ती खाली बघत म्हणाली.

"शिसं असं वाजतं होय? ते थप्प करतं."

"आई, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण यानं चावून तुकडा पाडलाय. हे बघा ना."

सासूबाईंनी चष्मा लावला. खाच पाहिली, आणि हसू आवरेना म्हणून खुर्चीत बसल्या.

"अगं, हे याचं काम नाही. माझं आहे. तुझ्या नवऱ्याला दोन दात आले, तेव्हा माझ्याही डोक्यात हेच शिरलं होतं. सासूबाईंना विचारायची छाती नव्हती. म्हणून एवढासा कपचा कापला आणि रुमालातून प्रयोगशाळेत नेला."

"मग? काय निघालं?"

"जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त, निकेल. शिसं नावालाही नाही. तपासणीचा तो कागद अजून आहे माझ्या कपाटात."

"आणि तुमच्या सासूबाईंना कळलं नाही?"

"छे. आल्यागेल्याला ती खाच दाखवून सांगायच्या, बघा आमच्या नातवाचे दात."

फ्रिजमागून नवरा धूळभरल्या केसांनी बाहेर आला. लहानपणी तोही ही गोष्ट अभिमानानं सांगायचा; आज सकाळपासून मात्र ती त्याला एकदाही आठवली नव्हती.

चमचा तीनदा धुतला गेला. नवीन केळं कुस्करलं गेलं. चमचा दिसताच गब्बूनं एवढा मोठा आ केला की खालचे दोन्ही दात दिसले. आईनं घास भरवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती खाली टेकली.

सासूबाईंनी रिकामा चमचा घेऊन दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला.

"कानस जरा पलीकडे लावायची होतीस," त्या म्हणाल्या. "उद्या गब्बूच्या बायकोला जागा कमी पडेल."