उत्तर दिशेची मोहीम

"मले येता नाही येत. मोहीम हाय," हरीओम सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले.

"कुठं?" वर्षाराणीनं विचारलं.

"ते सांगता येत नाही. लष्करी बाब हाय. गुप्त असते."

हे ऐकून बायको रुसेल, भांडी आदळेल, निदान डोळ्यांना पदर लावेल अशी सरांची अपेक्षा होती. तिच्या भावाच्या, राजूच्या, मुलाचं रविवारी जावळ होतं. आत्याचा मान होता आणि आत्याचा नवराच येणार नव्हता. पण वर्षाराणी फक्त "बरं, उन्हातान्हात फिरू नका" एवढंच म्हणाली आणि पिशवी भरून आसेगावच्या बसमध्ये जाऊन बसलीसुद्धा. विजय इतका सोपा मिळाला की सेनापतीनं सावध व्हावं, असं हरीओम सर वर्गात नेहमी सांगत. वर्गातलं घरी लागू करायचं नसतं, म्हणून ते निश्चिंत झाले.

सर लष्करात नव्हते. वाशिमबाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये 'रणधुरंधर अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी' होती. लष्करात अधिकारी व्हायच्या निवड परीक्षेसाठी पदवीधर पोरापोरींना तयार करायचं, हा तिचा उद्योग. तिथं सर कंत्राटी प्रशिक्षक होते. भूगोलात एम. ए. झाल्यावर त्यांनी कॉलेजात तासिका तत्त्वावर काही वर्षं काढली होती. म्हणजे तास झाला तर माणूस, नाही झाला तर नाही. इथं निदान अकरा महिन्यांचा करार होता. बारावा महिना उजाडला तर माणूस कायम होण्याचा धोका असतो, म्हणून संस्थेनं वर्षच अकरा महिन्यांचं ठेवलं होतं. सर नकाशावाचन, होकायंत्र आणि नेतृत्वगुण हे विषय शिकवत. नेतृत्वगुणांत 'निर्भयता' हा त्यांचा हातखंडा भाग होता.

निर्भयतेला अपवाद एकच, सासरे. मारोतराव माणूस प्रेमळ, पण आवाज असा की बांधावर बोलले तर गावात ऐकू जावं. कुठलाही कार्यक्रम असो, भरल्या मांडवात ते विचारायचे, "मंग जावईबापू, परमनंट कवा होता जी?" पाहुणे हातातला घास हातातच ठेवून उत्तराची वाट बघायचे. शेजारच्या दिवाणावर, लोडाला टेकून, थोरले जावई रामधन मंद हसत असायचे. रामधनभाऊ वीज खात्यात लाइनमन होते. परमनंट. धाकट्या जावयाला प्लास्टिकची खुर्ची मिळायची आणि तिचाही एक पाय तात्पुरताच असायचा.

तेव्हा मोहिमेची थाप. पण नशीब असं, की दुसऱ्याच दिवशी प्रबोधिनीचे प्रमुख, निवृत्त कर्नल बाजड, वर्गात आले आणि टेबलावर हातातली छडी आपटून म्हणाले, "इतवार को फील्ड एक्सरसाइज! नकाशा और होकायंत्र, बस. हरीओम लीड करेगा. हरीओम, इसी पर तुम्हारे करार का फैसला. समझे?"

खोटं बोललेलं खरं झालं, म्हणून सरांना थोडं पुण्यवान वाटलं. हे पुण्य रविवारी सकाळी गाडी मंगरुळपीरच्या रस्त्याला लागेपर्यंत टिकलं. पुढं ती आसेगावच्या अलीकडं एका माळावर थांबली, तेव्हा सर सासुरवाडीकडं पाठ करून खाली उतरले.

"यहाँ से सीधा उत्तर," कर्नल म्हणाले. "टेकडीपलीकडं पाझर तलाव आहे. मी तिथं चहा घेऊन थांबतो. मोबाइल जमा करा. लढाईत नेटवर्क नसतं!"

उत्तर! सरांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. सासुरवाडी दक्षिणेला होती. आयुष्यात पहिल्यांदाच संस्थेचं हित आणि त्यांचं हित एका दिशेनं चाललं होतं. त्यांनी शिट्टी फुंकली, होकायंत्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे छातीजवळ धरलं आणि लाल काट्याच्या मागं निघाले. त्यांच्या मागं ठिपक्याठिपक्यांचे हिरवे टी-शर्ट घातलेले, हातात काठ्या घेतलेले वीसेक भावी अधिकारी. पोरांचे मोबाइल जमा झाले होते. सरांचा त्यांच्या छातीवरच्या खिशातच होता, कारण नेत्याला अडचणीच्या वेळी गुपचूप गूगल बघता आलं पाहिजे. वर्षाराणीनं हौसेनं आणलेल्या झाकणाच्या कव्हरमध्ये तो सुरक्षित होता. झाकण टपकन चिकटायचं. त्यात लोहचुंबक होतं.

थोडं चालल्यावर धम्मदीपा नावाची कामरगावची पोरगी पुढं आली. "सर, एक विचारू? सकाळची येळ हाय. उत्तरेकडं चाललो तं सूर्य उजव्या हाताले पायजे ना? तो तं डाव्या हाताले हाय."

सरांनी सूर्याकडं बघितलं. मग काट्याकडं बघितलं. काटा ठाम होता.

"नजर फसवते, धम्मदीपा. यंत्र फसवत नाही."

"पण सर, सूर्य..."

"अधिकाऱ्यानं यंत्रावर विश्वास ठेवायचा असतो. सूर्याचं आपण नंतर बघू."

सूर्य आपल्या मार्गानं गेला, तुकडी आपल्या. हरभरा काढून मोकळी झालेली वावरं ओलांडली, नाला ओलांडला, तरी टेकडी काही येईना. बाटल्यांतलं पाणी संपलं. फुलसिंग नावाचा धिप्पाड पोट्टा मध्येच थांबून हवेत नाक फिरवू लागला.

"सर, रोडगे भाजून राह्यले कोणीतरी. वांग्याची भाजीबी हाय."

"शत्रू असे भास निर्माण करतो," सर म्हणाले. पण त्यांच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

इतक्यात नेटवर्क आलं आणि सरांचा खिसा वाजू लागला. वीस जोड्या डोळे त्या खिशावर खिळले. सरांनी घाईनं फोन बाहेर काढला, हात लांब केला, आणि त्याबरोबर होकायंत्रातला काटा झोपेतून दचकून उठल्यासारखा गर्रकन फिरला. उत्तर पाठीमागं गेली. सूर्य आपल्या जागी बरोबर होता. धम्मदीपा वाकून बुटाची नाडी बांधू लागली. अधिकाऱ्याचे सगळे गुण त्या पोरीत होते.

फोन वर्षाराणीचा होता. "जेवले का? कुठं हाय तुमी?"

"गुप्त जागी," सर कुजबुजले.

तेवढ्यात फोनमधून लाउडस्पीकरवरचा आवाज आला, "चला जी, मामा आले का? मामाच्या मांडीवर लेकरू बसवा!" आणि तेच शब्द, त्याच आवाजात, समोरच्या निंबाच्या झाडांमागूनही आले. आवाज मारोतरावांचा होता. सर आजवर नेहमी सडकेनं, पुढल्या दारानं सासुरवाडीला आले होते. सासऱ्याचं वावर मागून असं दिसतं हे त्यांना आज कळलं.

"तुमच्याकडंबी जावळ हाय का?" वर्षाराणीनं फोनवर विचारलं.

सरांनी फोन कापला. "तुकडी, पीछे मुड!" ते दबक्या आवाजात ओरडले. तुकडी पीछे मुडली नाही. तुकडीला रोडग्यांचा वास लागला होता.

शिवाय तुकडी दिसलीही होती. हिरव्या ठिपक्यांच्या कपड्यांतली, काठ्या घेतलेली माणसं वावरातून रांगेनं येताना बघून गावाच्या त्या टोकाला एकच पळापळ झाली. कोणी म्हणे वनखातं, कोणी म्हणे पोलीस, पण बहुमत वीजचोरीच्या पथकाच्या बाजूनं पडलं. बघताबघता तारांवर टाकलेले आकडे सपासप खाली आले. मारोतरावांचा लाउडस्पीकर अर्ध्या वाक्यात मुका झाला, मांडवातले पंखे थांबले. मांडवामागच्या खांबाला शिडी लावून एक मनुष्य मोठ्या घाईनं आकडा काढत होता. काम सफाईदार होतं, कारण मनुष्य खात्यातलाच होता. हातात बांबू आणि बांबूच्या टोकाला आकडा अशा अवस्थेत रामधनभाऊ खाली उतरले आणि वळले, तर समोर फुलसिंग उभा.

"सायेब," रामधनभाऊंनी बांबूसकट हात जोडले, "हा आकडा माहा नाही जी. मी तं पाहुणा हाय."

"पाणी हाय का?" फुलसिंगनं विचारलं.

तेवढ्यात मारोतराव धोतर सावरत धावत आले. तुकडीच्या पुढं उभ्या माणसाकडं त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "अरे! जावईबापू?"

आता प्रश्न येणार. सरांनी डोळे मिटून घेतले. भरला मांडव, सगळे सोयरे, आणि यावेळी तर वीस विद्यार्थीही ऐकायला.

"पायले का जी!" मारोतराव मांडवाकडं वळून गरजले. लाउडस्पीकरची त्यांना गरज नव्हतीच. "माहा जावई! परमनंट झाला, अन् साल्याच्या पोराच्या जावळाले सारी पलटन घेऊन आला! भागिरथा, शाल आन, नारळ आन!"

परमनंट? सरांनी डोळे उघडले. सासूबाई, भागिरथाबाई, आनंदानं डोळे पुसत होत्या. सोयऱ्यांनी दिवाण रिकामा केला, लोड सरकवला. सरांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, कपाळाला गुलाल लागला. मांडवाच्या कडेला वर्षाराणी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सरांनी संधी साधून तिला बाजूला, धान्याच्या कोठीमागं गाठलं.

"मी परमनंट कवा झालो?"

"दिवाळीले," वर्षाराणी खाली बघत म्हणाली. "बाबा दरखेपी चारचौघांत इचारतात. तुमचं तोंड पाहवत नाही मले. म्हणून सांगून टाकलं."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी तरी मले सांगतलं काय, मोहीम माह्या मायेरी हाय म्हणून? गुप्त असते म्हणे." मग तिचा आवाज बारीक झाला. "तुमी येत नाही म्हणले तवा, थाप झाकली राहू दे म्हणून मी देवाले नारळ कबूल केला होता. अन् तुमी तं चालत आले, तेबी गाजत."

सरांना रागवायचं होतं; पण तोंड पाहवत नाही, हे वाक्य त्यांच्या आड आलं. त्यांनी हातातला नारळ तिच्या हातात दिला. "हा घे. कबूल केलेला फेडून टाक," एवढंच ते म्हणाले.

तिकडं पंगत बसली होती. भावी अधिकारी दोन महिन्यांच्या मेसच्या जेवणानंतर रोडग्यांना सामोरे जात होते. तो संघर्ष एकतर्फी होता. फुलसिंग रोडगा मुठीत फोडायचा, वरणात बुडवायचा, वरून तूप मागायचा आणि पुढच्या रोडग्याकडं बघायचा. वाढणारे थकले. मग मनुष्यबळ कमी पडू लागलं, तेव्हा भेदरलेले रामधनभाऊ बादली घेऊन स्वतःहून पुढं आले. पथकाचं पोट भरलं तर पथक आकड्याचं विसरेल, असा त्यांचा हिशेब होता. पण वाढता वाढता पोरांच्या बोलण्यावरून त्यांना कळलं की हे पथक नाही, शिकवणी आहे. भीती उतरली, आणि डोकं चालू लागलं. कंत्राटी मास्तर एकाएकी परमनंट झाला कसा?

नेमकी त्याच वेळी धूळ उडवत प्रबोधिनीची जीप मांडवापुढं थांबली. तलावावर चहा गार करून कंटाळलेल्या कर्नल बाजडांना एका गुराख्यानं सांगितलं होतं, "मिल्ट्री तं आसेगावात जेऊन राह्यली."

"हरीओम!" कर्नल गरजले. "ये क्या है? उत्तर में बोला था!"

शाल पांघरलेले, गुलाल लावलेले हरीओम सर दिवाणावरून उठून ताठ उभे राहिले. नेतृत्वगुणांत या प्रसंगावर धडा नव्हता.

रामधनभाऊंनी मौका साधला. बादली हातात घेऊनच ते पुढं झाले आणि गोड आवाजात म्हणाले, "सायेब, एक सांगा जी. आमचे साडू परमनंट झाले म्हणतात. तुमच्या इथं परमनंट करतात काय हो?"

मारोतराव कौतुकानं साहेबांकडं बघत होते. भागिरथाबाई ताट वाढून उभ्या होत्या. वर्षाराणीनं खांब घट्ट धरला होता. धम्मदीपानं घास खाली ठेवला. कर्नलांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, ती हरीओम सरांच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"परमनंट?" कर्नल शेवटी म्हणाले. "ऐसे आदमी को कौन छोडेगा? एकदम परमनंट!"

मांडवात टाळ्या पडल्या. वर्षाराणीनं खांब सोडला. रामधनभाऊ बादलीसकट मागं सरले. कर्नल हात धुवायच्या निमित्तानं हरीओम सरांना निंबाखाली घेऊन गेले.

"सर, तुमचे फार..." सरांनी हात जोडले.

"चूप. होकायंत्राचं उद्या बघतो तुझं." कर्नलांनी मागं कोणी नाही याची खात्री केली, आणि त्यांची हिंदी एकाएकी उतरली. "हे पाय हरीओम, परमनंट तिथं कोणीच नाही. मालक मलेबी अकरा महिन्यांचाच कागद देतो. पण माह्या घरी सांगू नको. घरी मी चार वर्सांपासून परमनंट हाय."

सर काही म्हणणार, तेवढ्यात मारोतरावांची हाक आली. जावयाला परमनंट करणाऱ्या साहेबाचाही सत्कार व्हायलाच हवा होता. राजू कुठूनतरी दुसरी शाल घेऊन आला. कर्नलांनी एकदा हरीओम सरांकडं बघितलं आणि मान खाली वाकवली.

मग दोघं शेजारी शेजारी दिवाणावर बसले. मार्चचं ऊन, वर पत्र्याचा मांडव, पंखे बंद, कारण आकडा परत टाकायची कोणाची छाती होत नव्हती. शालीत दोघांना घामाच्या धारा लागल्या होत्या. पण शाल काढावी असं दोघांनाही वाटलं नाही. सोयरे येऊन पाया पडून जात होते. त्या सबंध मांडवात खराखुरा परमनंट माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी फुलसिंगच्या ताटात चौथ्यांदा बुंदी वाढत होता.