शेऱ्याचा रकाना

त्र्यंबकरावांच्या तोंडात राखुंडी होती, आणि नेमकी तीच वेळ साधून घरमालक परशुरामभाऊंनी त्यांना घर सोडायला सांगितले.

"माघी अमावास्येपर्यंत खोल्या रिकाम्या करा. राहायचंच असेल तर दोनाचे सात रुपये पडतील. तुम्ही जुने भाडेकरू, म्हणून सात. मुंबईकर आठ द्यायला तयार आहेत."

त्र्यंबकराव चूळ भरेपर्यंत परशुरामभाऊ घरात गेलेसुद्धा. मुंबईत प्लेग, म्हणजे गाठीचा ताप, शिरला होता आणि माणसे मिळेल त्या गाडीने ठाण्याकडे, कल्याणाकडे पळत होती. चार महिन्यांपूर्वी मुंबईहून कुणी पाहुणा आला, तर हेच परशुरामभाऊ त्याला ओट्यावरच पाणी पाजून वाटेला लावीत. ताप अजून तोच होता. भाडे चौपट झाले तशी परशुरामभाऊंची भीती तेवढी बरी झाली.

त्र्यंबकराव कचेरीत पंधरा रुपयांवर कारकून होते. सात रुपयांचा हिशेब त्यांना न मांडताही कळला. शिवाय सुमतीबाईंना आठवा लागला होता. त्यांचे आईवडील हयात नव्हते, तेव्हा बाळंतपण जे काय व्हायचे ते नवऱ्याच्या छपराखालीच, आणि छप्पर तर अमावास्येला जाणार होते.

"मला काही महाल नको," सुमतीबाई म्हणाल्या. "दार लावून घेता येईल अशी एक खोली इकडून पाहावी, म्हणजे झालं."

"पाहतो ना. पण पद्धतशीर पाहतो. उगाच पहिली दिसली आणि घेतली, असं करून चालत नाही."

पद्धतशीर हा शब्द त्र्यंबकरावांनी उच्चारला की काम लांबणार, हे सुमतीबाईंना अनुभवाने ठाऊक होते.

पुढचे तीन रविवार त्र्यंबकरावांनी पायांचे तुकडे पाडून घेतले. कोलशेत पाहिले, कल्याण पाहिले, विठ्ठलवाडी पाहिली. डोंबिवलीला उतरून शेतांच्या बांधांवरून चालत गेले, तेव्हा धाकू पाटलाचे नवे बांधलेले घर त्यांना दिसले. दोन खोल्या, पडवी, दारात गोड्या पाण्याची विहीर आणि भाडे एक रुपया. धाकूने तर स्वतः चटई टाकून त्यांना ताक दिले.

"घेता का घर? चार आनं विसार द्या, मंग दुसऱ्या कुनाला दावीत नाय."

त्र्यंबकरावांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. अजून कल्याणची दोन घरे मोजायची राहिली होती. सर्व गावांची माहिती समोर आल्याशिवाय निकाल देणे कचेरीच्या रीतीत बसत नव्हते. "आठ दिवसांत कळवतो," असे सांगून ते ताक पिऊन परत आले. त्या चार आण्यांची आठवण त्यांना पुढे जन्मभर पुरली.

सोमवारी कचेरीत त्यांचा तक्ता पुरा झाला, आणि तो होता मोठा देखणा. गाव, स्टेशनापासूनचे अंतर, खोल्या, पाणी, मालकाचे नाव, भाडे असे रकाने आखलेले, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्याच्या रकान्यात जे खरे ते लिहायचे, कुणाची भीडमुर्वत ठेवायची नाही, हे त्र्यंबकरावांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवले होते. शेजारच्या मेजावरच्या आनंदरावांनी तक्ता पाहिला आणि त्यांचे डोळेच विस्फारले.

"अहो, हे सोनं आहे! माझा मेव्हणा गिरगावातून बिऱ्हाड हलवतोय. एक नक्कल करू?"

"करा की."

"मग शेरे गाळतो. जरा तिखट आहेत."

त्र्यंबकरावांनी लेखणी खाली ठेवली. "आनंदराव, नक्कल म्हणजे नक्कल. कानामात्रेचाही फरक चालणार नाही. आणि खाली माझं नाव घाला."

आनंदरावांनी बरहुकूम नक्कल केली. मेव्हण्याने तिच्या चार केल्या. त्या चारांतली एक शिळाछाप छापखान्यात पोचली, आणि गुरुवारी ठाण्याच्या स्टेशनाबाहेर 'स्वस्त बिऱ्हाडांचा तक्ता, कर्ते त्र्यंबकराव कचेरीवाले' पैशाला एक असा विकला जाऊ लागला. त्र्यंबकरावांनी स्वतः दोन विकत घेतले. रस्त्यात अनोळखी माणसे त्यांना नमस्कार करू लागली. एका वृद्ध गृहस्थाने तर त्यांच्यामुळे आपली नातवंडे वाचली म्हणून त्यांचे हात धरले. त्या आठवड्यात त्र्यंबकराव जमिनीवरून चालत होते असे म्हणता येणार नाही.

"डोंबिवलीचा विसार दिला का?" सुमतीबाईंनी दोनदा विचारले.

"अगं, धाकू माझ्या शब्दाबाहेर नाही. भोळा माणूस आहे."

अमावास्येला सकाळीच परशुरामभाऊंचे नवे भाडेकरू ट्रंका घेऊन ओट्यावर येऊन बसले. त्र्यंबकरावांनी वळकट्या, भांड्यांचे पोते आणि नऊ महिने भरलेली बायको असा संसार बरोबर घेतला आणि डोंबिवली गाठली. धाकूच्या पडवीत कोट घातलेला एक मुंबईकर दाढी करीत होता.

"धाकू, हे कोण?"

"भाडेकरू. नऊ रुपये देतात."

"नऊ? अरे, आपलं एक रुपयाचं बोलणं झालेलं!"

धाकूने कनवटीचा घडी घातलेला कागद काढला. "मना वाचता येत नाय. शालंतल्या मास्तरानं वाचून दावलं. 'मालक भोळा. जागेची किंमत ठाऊक नाही. एक रुपयाही पुष्कळ.' तुमीच लिवलंय ना?"

दाढी करणाऱ्या गृहस्थाने वस्तरा थांबवला. "कर्ते ते तुम्हीच का? फार उपकार झाले बुवा!"

"मी भोला हाय, ह्ये मना ठाव नव्हतं," धाकू शांतपणे म्हणाला. "तुमी लिवलंत म्हनून कललं. गोठा रिकामा हाय. पाच रुपयं."

सुमतीबाई विहिरीच्या काठावर टेकल्या होत्या. धाकूच्या बायकोने त्यांना पाणी दिले, गूळ दिला, बैलगाडीही जुंपून दिली. खोली मात्र ती देऊ शकत नव्हती. नऊ रुपये तिच्या घरात पूर्वी कधी आले नव्हते.

कल्याणाच्या वाटेवर गाडीचे प्रत्येक चाक प्रत्येक खड्ड्यात गेले. सुमतीबाई म्हणाल्या, "सगळ्या जगाला घरं मिळाली इकडच्या तक्त्यानं. तक्ता करायला हात शिवशिवले, चार आणे काढायला नाही शिवशिवले."

त्र्यंबकराव म्हणाले, "कल्याणच्या रखमाबाई आहेत ना. एकट्या आहेत. सव्वा रुपया सांगितलाय त्यांनी." आपण त्यांच्या शेऱ्यात काय लिहिले, ते त्यांना तेव्हाच आठवले.

रखमाबाई दारातच उभ्या होत्या. त्र्यंबकरावांनी दोन्ही हात जोडले. "मावशी..."

"आलात? तुम्ही बारावे." रखमाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "दोन दिवसांत अकरा भाचे झाले मला. जो येतो तो पायरीवरूनच मावशी, मावशी करतो. मी म्हटलं, एवढं गणगोत मला आलं कुठून? मग पोस्टमनकडून वाचून घेतलं. 'मालकीण तोंडाळ. मावशी म्हटल्यास पाघळते व भाडे उतरवते.' माझी बहीण वारली त्याला वीस वर्षं झाली. मावशी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पाघळत होते हो मी. ते तुम्ही बाजारात पैशाला विकलंत."

"मी विकलं नाही, मावशी. ते छापखान्यानं..."

"मावशी म्हणायचं नाही!"

त्र्यंबकरावांना खरोखर लाज वाटली. आयुष्यात प्रथमच त्यांना आपला एखादा शेरा खोडावासा वाटला, पण तो आता शेकडो खिशांत जाऊन बसला होता. ते गाडीकडे वळले. तेवढ्यात गाडीत सुमतीबाई कण्हल्या, आणि रखमाबाई त्र्यंबकरावांना ढकलून खाली उतरल्या.

"अगं बाई! हिला कळा येताहेत की! असल्या पोरीला गाडीतून हिंडवता? चल गं बाळ, धर माझा हात." सुमतीबाईंना त्यांनी आत नेले, न्हाणीघराशेजारच्या खोलीत निजवले आणि सुईणीला निरोप धाडला. त्र्यंबकराव वळकटी उचलून मागोमाग उंबऱ्यापर्यंत पोचले, तेव्हा त्यांच्या नाकासमोर दार अर्धे लागले.

"ही राहील. भाडं सव्वा रुपया, पावती हिच्या नावाची. तुम्हाला जागा नाही."

"पण मी तिचा नवरा..."

"म्हणून तर ओट्यापर्यंत येऊ देते आहे."

उजाडता मुलगी झाली. बातमी सुईणीने जाता जाता सांगितली, कारण आतून कुणी बाहेर आलेच नाही.

त्र्यंबकराव ठाण्याला परतले. कचेरीच्या शिपायाच्या खोलीत त्यांना एक चटईभर जागा मिळाली, तिचेही भाडे पडलेच. आठवडाभर ते नकला करीत आणि रविवारी कल्याणला येत. ओट्यावर बसले की रखमाबाई दुपट्यातले मूल उंबऱ्याच्या आतूनच त्यांना दाखवीत, आणि ऊन लागेल म्हणून लगेच मागे घेत. पोर आपल्यावर गेली की आईवर, हे त्र्यंबकरावांना दीड महिना झाला तरी नीट पाहता आले नव्हते. शिपायाच्या चटईवर पडल्या पडल्या ते तिचे नाक आठवू पाहत, आणि ते त्यांना आठवत नसे.

अशाच एका रविवारी मुंबईचे एक गृहस्थ घाम पुसत ओट्यापाशी आले.

"काय हो, इथं जागा आहे का?"

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"तुम्ही इथले मालक?"

"नाही."

"मग भाडेकरू?"

त्र्यंबकरावांनी क्षणभर विचार केला. "भाडेकरणीचा नवरा," ते म्हणाले आणि गृहस्थांना टेकता यावे म्हणून सरकून बसले.

आतल्या खोलीत मूल रडले आणि उगी राहिले. मग रखमाबाईंचा आवाज आला, "कोण बोलतंय गं ओट्यावर?"

"कुणी नाही, मावशी," सुमतीबाई म्हणाल्या. "इकडची स्वारी आहे."

त्यांचा आवाज त्र्यंबकरावांनी इतका निवांत कधी ऐकला नव्हता. ठाण्याच्या गाडीला अजून दोन तास होते.