पत्त्यावर जाणारं औषध

गेनूभाऊ भेटले की आधी रामराम नाही, "आ करा" म्हणतात. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. माणूस मुकाट तोंड उघडतो. चाळीस वर्षं बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दात बघून वय सांगणाऱ्या दलालापुढे नाही म्हणायची टाप कुणाची? मग अंगठ्याने गाल ताणून निकाल लागतो. "दात बेस हायेत, राव. पन गाल पांढरा पडलाय. गुटखा सोड, न्हाईतर बाजार उठंल तुझा."

मी पिंपरी पेंढारच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि तास संपला की गुपचूप तंबाखू मळतो. माझं तोंड बघून ते एवढंच म्हणाले, "सर, पोरान्ला काय शिकिवता?"

हा नाद लागला तो सगुणावहिनींमुळे, म्हणजे त्यांच्या बायकोमुळे. वहिनींनी जन्मभर मिश्री लावली. दोन वर्षांपूर्वी जिभेवर कॅन्सरची गाठ आली. पुण्याला निम्म्याहून जास्त जीभ काढली, तिच्याबरोबर बोलणंही गेलं. आणि आता गाठ परत आली होती. तालुक्यातल्या प्रत्येक जनावराच्या तोंडात हात घालणाऱ्या माणसाने घरच्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही. हे मी नाही म्हणत, तेच सांगतात, कुणी विचारलं नसलं तरी.

एकदा मोबाइलवर कॅन्सरच्या नव्या औषधाची बातमी घेऊन ते थेट शाळेत आले. "सर, ह्ये तुमच्या सायन्सचं हाय. समजवा." मीही खुशीत येऊन समजावलं. कॅन्सरला आवरणारं जनुक एका वाहकात भरतात. तो वाहक फक्त कॅन्सरची पेशी ओळखतो आणि तिथेच माल उतरवतो. दहावीच्या वर्गाला हे तीन तासांत कळत नाही. गेनूभाऊंना लगेच कळलं.

"म्हंजे पत्ता बरुबर पायजे. येडगावच्या पावण्याला मी म्हैस धाडली, टेम्पोवाल्यानं भलत्याच्याच दारात उतरवली. त्यानं दोन दिस दूध काढलं आन् वर मलाच म्हनला, चारा लई खाती! ह्यो किमो तसलाच डायवर. इचारत न्हाई, पुसत न्हाई, समद्या आळीत माल उतरवतो. हिचं केस गेलं, ते काय कॅन्सरचं व्हतं?"

तेव्हापासून बाजारात बैल राहिला बाजूला आणि जनुकांवर प्रवचन सुरू झालं. गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या दलालाकडे जात. भाऊंना पर्वा नव्हती. "त्ये औषध आलं की पैला नंबर आमचा," ते सांगत. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर मीच चढवलं होतं, आणि खाली उतरवायची हिंमत माझ्यात नव्हती.

गेल्या महिन्यात वहिनींची फाइल घेऊन आम्ही दोघं पुण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "काम चालू आहे, पण इथे अजून उंदरांवरच. मावशींना उपयोग होईल इतक्या लवकर ते येणार नाही. आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच हातात आहे."

बाहेर आल्यावर भाऊंनी फाइल काखेत धरली. मग म्हणाले, "उंदराचा नंबर आपल्या आधी लागला, सर." मी हसलो, आणि नंतर माझी मलाच लाज वाटली.

परवा त्यांच्या घरी गेलो. दोघं नवरा-बायको ओट्यावर बसली होती, हात हातात आणि वर टॉवेल. बाजारात दलाल असाच सौदा करतात. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. मला वाटलं, भाऊंचं डोकं फिरलं.

"हे काय चाललंय, भाऊ?"

"तिला बोलता येत न्हाई ना. किती दुखतंय ते बोटावर सांगती. आठ म्हनती. मी म्हनलं, पाचावर ये. धा मिन्टं झाली, खाली उतरंना." मग वहिनींकडे वळून ते हळूच म्हणाले, "बरं, सात कर. वरचं एक मी घेतो."

वहिनींनी मान हलवली. टॉवेलाखाली बोटं हलली.

"न्हाई म्हनती," भाऊ म्हणाले. "त्ये एक तुमाला न्हाई द्यायचं, म्हनती."

आणि चाळीस वर्षं भाव करणारा तो माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडायला लागला.