शंभराला ब्याण्णव

"तीन महिन्यांत दहा किलो! लिहून ठेव!" काटेवाल्यांनी छाती ठोकून सांगितलं, आणि बायकोने खरंच लिहून ठेवलं. एक वही काढली, तिला दोरी बांधली आणि वजनकाट्याशेजारी खिळ्याला टांगली. पहिल्या पानावर तारीख, पुढे 'शहाण्णव किलो'. काटेवाल्यांना तेव्हाच जरा घाम फुटायला हवा होता. पण नाही फुटला.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं हाच धंदा. वाणसामानाच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. दुरुस्त केलेल्या काट्याच्या पाठीवर ते स्वतःच्या सहीची चिठ्ठी चिकटवत. "काटा जरा आमच्या बाजूने बोलेल असं करा की!" म्हणणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी असं झापलं होतं, की तो बिचारा अजूनही त्यांना बघून रस्ता बदलतो. अशा माणसाचं स्वतःचं वजन मात्र त्यांचं ऐकत नव्हतं.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "साखर, ब्लडप्रेशर, थायरॉईड. तीन पोटभाडेकरू ठेवलेत तुम्ही! वजन उतरवा. नाहीतर तीन महिन्यांनी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू. रोज, पोटात!"

इंजेक्शन हा शब्द ऐकूनच काटेवाल्यांना खुर्चीचा आधार लागला. घरी येऊन त्यांनी ती घोषणा केली ती या भीतीपोटी.

आता उपाशी राहावं म्हटलं, तर गोळ्या राहू देतात का? थायरॉईडची गोळी उपाशीपोटी. मग अर्ध्या तासाने साखरेची, ती खाण्याआधी. म्हणजे खाणं आलंच! ब्लडप्रेशरची खाल्ल्यावर. म्हणजे आधी खाल्लेलं असायला हवं! जोरात चालून आले की साखर उतरून हातपाय थरथरायचे, की चार चमचे साखर तोंडात. तासभर गाळलेला घाम दोन मिनिटांत वसूल! "मी खातो कुठे? औषध घेतो!" असं ते म्हणायचे, आणि त्यात अर्धं तरी खरं होतं. उरलेलं अर्धं दुकानाच्या खणात, बिस्किटांच्या पुड्यात होतं.

बायको मात्र जिद्दीला पेटली होती. तिचा गुडघा दुखायचा, तरी पहाटे उठून ती त्यांच्यासोबत चालायची. तेल मोजून घालायची. नवऱ्यासमोर नको म्हणून स्वतः गोड सोडलं. आणि दर रविवारी सकाळी ते काट्यावर चढले, की वही घेऊन शेजारी उभी.

शहाण्णव. शहाण्णव. मग शहाण्णव पॉइंट चार!

"होईल हो हळूहळू," ती म्हणायची. ओरडली असती तर बरं! काटेवाल्यांना तिचं ते 'होईल हो' सोसेना. चौथ्या शनिवारी ती भाजी आणायला गेली, आणि त्यांनी घरचा काटा उलटा करून त्याचे स्क्रू काढले.

शून्याला शून्यच दाखवणारा, पण माणूस चढला की थोडं कमी बोलणारा काटा. पाच मिनिटांचं काम. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटा काटा बनवला, आणि तोही स्वतःच्या घरात.

रविवारी पंचाण्णव भरले. बायकोने टाळ्या वाजवल्या! तो आनंद बघून त्यांना पुढच्या शनिवारीही स्क्रू काढावे लागले. मग त्याच्या पुढच्या शनिवारी. सहा आठवड्यांत काटा शंभराला ब्याण्णव म्हणू लागला आणि वहीत नव्वदचा आकडा पडला. पँट तेवढी पोटावर पूर्वीपेक्षा घट्ट होत होती. "कापड आटलं गं," ते म्हणाले.

मग घरात काहीतरी विचित्र सुरू झालं.

एके दिवशी बायकोने त्यांना धुण्याच्या मशीनसमोर उभं केलं. "हे बटण पांढऱ्या कपड्यांचं. हे रंगीत. पुन्हा सांगणार नाही."

"मला कशाला?"

"असू द्यावं माहीत."

दुसऱ्या दिवशी अंडं उकडायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी गोळ्यांसाठी खणाखणांची डबी आणली आणि शाळेतल्यासारखी परीक्षा घेतली.

"उठल्या उठल्या कोणती?"

"पांढरी."

"तीनांतल्या दोन पांढऱ्याच आहेत अहो! छोटी की मोठी?"

"मोठी?"

बायको मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "कसं व्हायचं तुमचं!"

एका गोळीसाठी एवढं रडायचं काय, ते काटेवाल्यांना कळेना. मग त्यांना वाटलं, हिला लेकीकडे राहायला जायचं असणार. मी आता सुधारलोय म्हणून सुट्टी हवी असेल. बरोबरच आहे! ते स्वतःवर इतके खूश झाले, की त्यांनी दुकानात एक पुडा जास्त फोडला. बायको ताटात चिवडत बसते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण पाहिलं आणि विसरले.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "आज डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. माझ्यासाठी."

दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या तिने पर्समधून रक्ताचे रिपोर्ट काढले. तिने एकटीने जाऊन तपासण्या केल्या होत्या! "यांना सांगितलं नाही, ब्लडप्रेशर वाढेल म्हणून," ती म्हणाली.  "माझं वजन उतरतंय हो. नुसतं गोड सोडून एवढं उतरतं का? दोन महिन्यांत सहा किलो. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. चार महिन्यांत गेली ती."

काटेवाल्यांना आत्ता उलगडलं. हीसुद्धा त्याच काट्यावर चढत होती! एकटी, गुपचूप, रोज.

"रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चढा बघू काट्यावर. छप्पन्न."

"छप्पन्न? सकाळीच घरी एक्कावन्न पॉइंट सात भरले! तुमचा काटा बिघडलाय!"

"बिघडेल कसा? गेल्याच महिन्यात काकांनी दुरुस्त केलाय. ही बघा, चिठ्ठी!" मग त्यांचाच चेहरा पडला. "काका, चार किलोंचा फरक? याच काट्यावर वजन बघून मी लहान मुलांना औषधांचे डोस देते हो!"

दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. काट्याच्या पाठीवर त्यांची सही होती. हा काटा खोटा म्हटलं तर तीस वर्षं गेली. खरा म्हटलं तर घर गेलं.

"तुमचा बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. "घरचा खोटा आहे. मी केला."

 बायकोने रिपोर्टांची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. काटेवाल्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. इतके दिवस ही बाई मरणाला तोंड द्यायची तयारी करत होती, आणि त्या तयारीत तिने काय केलं, तर त्यांच्या गोळ्यांचे खण लावले!

"आता तुम्ही चढा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

साडेसत्त्याण्णव.

पहिलं इंजेक्शन तिथेच झालं. रोजचं कसं घ्यायचं, तेही बायकोनेच शिकून घेतलं. घरी आल्यावर तिने स्क्रूड्रायव्हर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मुकाट्याने काटा नीट केला. ती चढली. छप्पन्न. वहीच्या पहिल्या पानामागे तिने स्वतःचं वजन बारीक अक्षरात लिहिलं होतं, अठ्ठावन्न. म्हणजे काट्याचं खोटं वजा जाता दोन किलो खरेच गेले होते. घरात वजन उतरलं ते एकाच माणसाचं, काळजीने.

 त्या संध्याकाळी काटेवाल्यांनी ताट बाजूला सारलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच! "नको गं," ते डोळे पुसत म्हणाले. "आज खरंच भूक नाही."

बायकोने ताट पुन्हा पुढे ओढलं. "गुपचूप जेवा. इंजेक्शन घेतलंय, उपाशी राहिलात तर साखर उतरेल."

पश्चात्तापाने तरी अर्धा किलो उतरला असता. पण डॉक्टरीणबाईंनी तीही सोय ठेवली नव्हती.